पुढच्या पाळीसाठी

यंत्रमागाच्या कारखान्यात पाळी बदलते ती वेळ बाहेरच्या माणसाने एकदा तरी बघावी. बारा तास उभा असलेला विणकर डोक्याला बांधलेलं फडकं सोडतो, हातावरची रुई झटकतो आणि निघण्याआधी नव्या पाळीच्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन चार वाक्यं बोलतो. खडखडाटात दुसरा इलाजच नसतो. तिसऱ्या मागाच्या डाव्या काठाला दोन धागे सैल पडताहेत. पहिल्या मागाचं बीम दुपारपर्यंत संपेल. कोपऱ्यातल्या मागाचा पट्टा सरकतोय, जॉबरला सांगितलंय, अजून आलेला नाही. कात्री खिडकीत आहे. एवढं सांगून तो चालू लागतो आणि माग थांबत नाहीत.

कधी कधी तो काहीच न सांगता जातो. मग नवा माणूस पहिला तासभर कात्री शोधतो, सैल धागे त्याला कापडात चूक आल्यावर दिसतात आणि पट्ट्याचं त्याला पट्टा निसटल्यावर कळतं. दोन्ही विणकर तेवढेच कुशल, दोन्ही तेवढेच कष्टाळू. फरक असतो तो चार वाक्यांचा आणि खिडकीत ठेवलेल्या कात्रीचा.

रोजच्या जगण्यातली व्यवस्था हा या स्मृतिव्याख्यानाचा विषय. या विषयावर बोलताना माणसं सहसा टापटिपीकडे वळतात: घड्या घातलेले कपडे, रांगेत लावलेल्या चपला, वेळेवर उठणं, वेळेवर झोपणं. त्यात वाईट काही नाही. पण टापटीप बघणाऱ्याच्या डोळ्यासाठी असते आणि व्यवस्था पुढच्या माणसाच्या हातासाठी. आपण ठेवलेली वस्तू, लिहिलेली नोंद, अर्धं टाकलेलं काम दुसऱ्याला आपल्याशिवाय पुढे नेता येतं का, एवढंच तिच्याबाबत तपासायचं असतं. हे पाहायला इचलकरंजीइतकं चांगलं गाव शोधून सापडणार नाही.

विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग बसवला. श्री व्यंकटेश रंगतंतू मिल्स हे त्यांच्या उद्योगाचं नाव. जहागिरीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचं पाठबळ नव्या उद्योगांना होतं आणि पंचगंगेच्या काठचं एक लहान गाव बघता बघता मागांचं गाव झालं. नऊवारी लुगड्यांपासून सुरुवात झाली. पुढे धोतर, पॉपलिन, कॅम्ब्रिक, शर्टिंग असं सगळं इथे विणलं गेलं. २०२२ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. माग बदलले, शटलच्या जोडीला रॅपिअर आणि एअरजेट आले, तरी उभा धागा आणि आडवा धागा यांचं मूळचं नातं जिथल्या तिथे आहे. त्या नात्याची सगळी भिस्त एका कामावर असते, आणि कापड विकत घेणाऱ्याने त्याचं नावही ऐकलेलं नसतं. ते काम म्हणजे वहीफणी.

खळ लावलेलं सूत बिमावर गुंडाळून सायझिंगहून येतं. एका इंचात ६० धागे आणि कापडाचा पन्हा ५० इंच धरला, तर त्या बिमावर उभे धागे होतात ३,०००. प्रत्येक धागा आधी वहीच्या, म्हणजे हील्डच्या, एका डोळ्यातून आणि मग फणीच्या दोन दातांमधल्या घरातून ओढून घ्यावा लागतो. एक माणूस बिमाच्या बाजूला बसून धागा निवडून पुढे करतो, समोरचा बारीक हुकाने तो ओढून घेतो. साध्या विणीत एक धागा एका वहीत, पुढचा दुसऱ्या वहीत, फणीच्या एका घरात सहसा दोन. त्यांच्यात बोलणं फारसं होत नाही. हुक आत जातो, धागा हुकाला लागतो, हुक बाहेर येतो. तीन हजार वेळा. पंधराशेव्या धाग्याला लक्ष उडालं आणि एका घरात तीन धागे गेले, तर ती चूक त्याच जागी थांबत नाही. बीम संपेपर्यंत शेकडो मीटर कापडात ती एका सरळ रेघेत दिसत राहते.

विणकराचं तसंच. मजुरी ज्या पिकावर ठरते ते बावन्न पिकाचं, म्हणजे इंचात बावन्न आडवे धागे असलेलं कापड घेतलं, तर एका मीटरमध्ये आडवे धागे बसतात सुमारे २,०४७. साधा माग मिनिटाला १२० फेरे मारतो असं धरलं, तर एका मीटरला सतरा मिनिटं. म्हणजे तुटलेला उभा धागा एक तास नजरेआड राहिला, तर साडेतीन मीटर कापड खराब. साध्या शटलच्या मागाला उभा धागा तुटल्यावर आपोआप थांबायची सोय सहसा नसते. तिथे विणकराची नजर हीच ती सोय. आणि ती नजर चार-सहा मागांवर एकाच वेळी फिरवायची असते. म्हणून अनुभवी विणकराची फेरी ठरलेली असते. याच मागापासून सुरुवात, याच बाजूने वळण, आधी काठ, मग मधला भाग, मग कांडीत सूत किती उरलंय ते. नवखा माणूस आवाज येईल तिकडे धावतो. जुना माणूस आपली फेरी सोडत नाही. जुन्याचे पाय कमी चालतात आणि कापड चांगलं निघतं.

हा झाला गावचा धंदा. पण मराठीत या विषयाचा विचार फार आधी झालेला आहे, आणि तोही लेखणीच्या संदर्भात. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं काढावं, पोथी कशी लिहावी एवढ्यासाठीच आहे. ब्रह्मज्ञान सांगणाऱ्या ग्रंथात शाई, लेखणी, ओळीतलं अंतर, अक्षराचा वाटोळेपणा यांना एक पूर्ण समास मिळावा, हीच मोठी गोष्ट. त्यातली एक सूचना आजही चकित करते. समर्थ सांगतात की कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी आणि मजकूर मध्यभागी लिहावा. कारण कागद झिजतो तो कडेने. कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये.

कडेची जागा सोडण्याचा हा हिशेब लिहिणाऱ्याच्या सोयीचा नाही. त्याला उलट कागद जास्त लागतो, आणि त्या काळी कागद स्वस्त नव्हता. ही सोय आहे शंभर-दोनशे वर्षांनी ती पोथी उघडणाऱ्या माणसाची, ज्याचं तोंड लिहिणारा कधीही पाहणार नाही. व्यवस्थेचा याहून चांगला दाखला मराठीत क्वचितच सापडेल.

संगीतातही याच परिसराने असाच एक धडा दिला. इचलकरंजीजवळच्या चंदूरचे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली. जवळच्याच कुरुंदवाडला जन्मलेले विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत त्यांच्याकडे शिकले. बुवांची विद्या गळ्यातून गळ्यात जाणारी होती. पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वरलेखनाची पद्धत बसवली, क्रमिक पुस्तकं छापली. स्वरलिपीत गाणं मावत नाही ही तक्रार तेव्हाही होती आणि ती खरीच आहे. पण गुरूच्या दारापर्यंत ज्याला पोचता येत नव्हतं, त्या मुलाच्या हातात निदान वाट दाखवणारा कागद आला.

गावातलं आपटे वाचन मंदिर १८७० साली सुरू झालं. दीडशे वर्षांहून जुन्या ग्रंथालयात पुस्तकं फाटतात, वाळवी लागते, कुणी परत करत नाही. हे सगळं सोसता येतं. न सोसता येणारी गोष्ट म्हणजे चुकीच्या फळीवर ठेवलेलं पुस्तक. ते ग्रंथालयात असतं, नोंदवहीत असतं, आणि तरी नसतं. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला चौथा वाचकाच्या वेळाविषयी आहे: तो वाया जाऊ नये. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. वर्गीकरणाच्या इतक्या किचकट पद्धती त्यांनी उभ्या केल्या त्या कपाट सुंदर दिसावं म्हणून नव्हे. दारातून आत येणाऱ्या अनोळखी वाचकाची पाच मिनिटं वाचावीत म्हणून.

आता घराकडे यावं. व्यवस्थेचा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो इथे.

मराठी घरात एक वाक्य कौतुकाने बोललं जातं: "आमच्याकडे सगळं हिच्या डोक्यात असतं." गॅसचा नंबर, मुलांच्या लसीची तारीख, दूधवाल्याचा हिशेब, सासूबाईंच्या गोळ्या, भिशीचा हप्ता, रेशनकार्ड कुठल्या पिशवीत, दागिन्यांची पावती कुठल्या डब्याखाली. घर अगदी लख्ख असतं. मग एके दिवशी ती बाई दवाखान्यात भरती होते. पहिल्याच रात्री घरातली चार माणसं कपाट उपसतात. आधीच्या तपासणीचे कागद सापडत नाहीत. रक्तदाबाची गोळी सकाळची कोणती आणि रात्रीची कोणती, हे डॉक्टर विचारतात आणि कुणालाच सांगता येत नाही. सलाईन लावलेल्या हाताने तीच फोनवर सांगत राहते: "लोखंडी कपाटात, वरच्या खणात, निळ्या पिशवीत."

त्या घरात टापटीप होती. व्यवस्था नव्हती. जी माहिती एकाच डोक्यात आहे ती व्यवस्था नसते, तो एका माणसावर टाकलेला भार असतो. आणि तो भार आपल्याकडे जवळपास नेहमी बाईवर पडतो. गृहिणीच्या नीटनेटकेपणाचं कौतुक करणाऱ्यांनी हे नीट पाहायला हवं. कौतुक करत करत सगळं घर तिच्या स्मरणशक्तीवर टांगून ठेवायचं आणि तिला आजारी पडायचीही सवड ठेवायची नाही, हा अन्याय आहे. डब्यांवर नावं लिहिणं, औषधांचा कागद भिंतीला लावणं, हिशेबाची वही सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवणं ही कामं क्षुल्लक वाटतात. पण त्यामुळे नवऱ्याला डाळ कुठे आहे हे विचारावं लागत नाही, मुलाला आजीच्या गोळ्या देता येतात, आणि बाईला चार दिवस माहेरी निवांत राहता येतं.

याच गोष्टीची कठोर परीक्षा पंचगंगेने घेतली. २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कोल्हापूर जिल्ह्यात महापूर आला. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. हे आकडे या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलालाही पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी धोका पातळीच्याही कितीतरी वर गेलं आणि नदीकाठच्या वस्त्यांमधल्या माणसांना नेसत्या वस्त्रानिशी घर सोडावं लागलं. पाणी उतरल्यावर चिखलात जे सापडलं त्यात भांडी होती, गाद्या होत्या. गेले होते ते कागद. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले. मदतीसाठी अर्ज करायचा तर तेच कागद लागणार. ज्या घरांत सगळे महत्त्वाचे कागद एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंचावर टांगलेले होते, ती पिशवी उचलायला अर्धं मिनिट पुरलं असणार. ज्या घरांत ते पाच ठिकाणी विखुरलेले होते, तिथे वेळ कितीही असता तरी कमीच पडला असता.

गावाच्या व्यवस्थेचंही तेच. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली आणि पिण्याच्या दूषित पाण्यातून ती पसरली. ज्या घरांनी आपला उंबरठा रोज पुसला होता त्यांच्याही नळाला तेच पाणी येत होतं. घराची व्यवस्था दारापाशी थांबते आणि पुढचा भाग सगळ्यांनी मिळून सांभाळायचा असतो: गळकी जलवाहिनी, तुंबलेली गटार, वेळेवर न झालेली दुरुस्ती. नागरिकाने आपल्या वॉर्डातल्या गळतीची तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी तक्रार पुढच्या पाळीपर्यंत पोचत नाही.

व्यवस्थेचे गोडवे गाताना एक सावधगिरी मात्र या मातीत बाळगायलाच हवी. 'जिथल्या तिथे' हे शब्द आपल्याकडे वस्तूंबद्दल जितके बोलले गेले, तितकेच माणसांबद्दलही. कुणी कुठल्या विहिरीवर जायचं, कुणी पंगतीत कुठे बसायचं, कुणी कुठलं काम करायचं हे सगळं शेकडो वर्षं नेमून दिलेलं होतं आणि त्यालाच सुव्यवस्था म्हटलं जात होतं. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या रिकाम्या जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो ही घडी मोडण्यासाठीच. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला परिषद झाली. आज ते गाव याच हातकणंगले तालुक्यात आहे. त्या परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका व्यासपीठावर आले ते हीच घडी मोडण्यासाठी. वस्तूला जागा नेमून द्यावी. माणसाला त्याची जागा नेमून देण्याला शिस्त म्हणू नये. या दोन गोष्टींची गल्लत करणारे लोक अजूनही भेटतात, आणि त्यांना ठामपणे विरोध करायला हवा.

माणसांची व्यवस्था कशी असावी याचा नमुना आषाढी वारीत मिळतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याची आजची घडी एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी बसवली. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी त्यांना साथ दिली, आणि सोहळ्याचे अश्व आजही अंकलीहूनच येतात. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीला क्रमांक. लाखभर माणूस, आणि कोण कुठे चालणार हे ठरलेलं. पण खरं पाहण्यासारखं असतं ते मुक्कामाच्या जागी, संध्याकाळच्या समाजआरतीला. टाळ-मृदंगाचा गजर टिपेला गेलेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतो आणि क्षणात सगळं शांत होतं. एखाद्या दिंडीचे टाळ मात्र वाजतच राहतात. त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो: या दिंडीची तक्रार आहे. चोपदार तिकडे जातो, तक्रार ऐकली जाते, तिचा निकाल होतो आणि मगच ते टाळ थांबतात. नंतर हरवल्या-सापडल्याची यादी वाचली जाते, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि आरती होते.

शांत राहायचं शिकवणाऱ्या व्यवस्था जगात पुष्कळ आहेत. ज्याला दुखतंय त्याने आवाज कसा करायचा हेही ज्या व्यवस्थेत ठरलेलं आहे, ती या मातीने घडवली याचा अभिमान बाळगावा. कारखान्यात, शाळेत, सहकारी संस्थेत नियमांचा फलक लावताना वाजत राहणाऱ्या टाळांची सोय केली आहे का, हे प्रत्येकाने तपासावं.

शिकलेली, अनुभवी माणसं म्हणतात की आम्हाला असल्या नोंदींची आणि याद्यांची गरज नाही, सगळं अंगवळणी पडलंय. त्यांनी शस्त्रक्रियेच्या खोलीत डोकवावं. जागतिक आरोग्य संघटनेने १९ बाबींची एक यादी केली: रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूला आहे, औषधाची ॲलर्जी आहे का, बोळे आणि सुया मोजल्या का, खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं का. जगातल्या आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली; त्यात दिल्लीही होती. २००९ साली निष्कर्ष आले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर उतरलं होतं. शस्त्रक्रियेचं कसब तेच होतं. भर पडली होती ती मोठ्याने वाचायच्या यादीची, आणि खोलीतल्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलून घेण्याची.

मागावरचा विणकर पाळी संपताना हेच करतो. त्याला ती यादी कुणी छापून दिलेली नसते. कानाशी लागून तो चार वाक्यं सांगतो, बस्स.

या सभागृहात बसलेल्या अनेकांच्या घरी माग आहेत, अनेकांचे वडील वहीफणीला बसले आहेत, कुणाची आई कांड्या भरून घर चालवत आली आहे. त्यांना व्यवस्था शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. मागणं एवढंच आहे की कारखान्यात जे हात इतके काटेकोर असतात, त्यांनी घरी गेल्यावर तेवढाच काटेकोरपणा एका पिशवीच्या बाबतीत दाखवावा. आधार, रेशनकार्ड, घराचे कागद, पासबुक, औषधांच्या चिठ्ठ्या आणि महत्त्वाचे फोन नंबर लिहिलेला एक कागद, हे सगळं आज रात्री एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावं, उंच खुंटीला टांगावं आणि ती कुठे आहे हे घरातल्या लहानातल्या लहान मुलालाही दाखवून ठेवावं. पावसाळा दरवर्षी येतो. नदी ३९ फुटांवर जाईपर्यंत थांबू नये.